बगळावाल्यांची नुरा कुस्ती

ऑक्टोबरची सात तारीख. दसरा तोंडावर आला आहे आणि माझ्या टेबलावर शेटेवहिनींचा मिक्सर तिसऱ्यांदा येऊन पडला आहे. शेटेवहिनी इथंच मंगळवार पेठेत कांदा-लसूण मसाला करून विकतात. मिक्सर दोन मिनिटं नीट चालतो, मग गुरगुरतो आणि मध्येच बसतो. दोनदा मी दुरुस्त करून दिला, दोनदा तो परत आला. आज दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "वहिनी, ह्या कंपनीचा माल आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. माझ्या हातात काही नाही."

फोन ठेवला आणि वस्ताद आठवले. कंपनी पूर्वीसारखी राहिली नाही, एवढं एक वाक्य तोंडातून काढायला वस्तादांना तीन आठवडे लागले होते. मला तीन सेकंदही लागले नाहीत. आमच्या दोघांत शहाणं कोण, असा प्रश्न पडला म्हणून स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि हे लिहायला घेतलं.

वस्ताद व्हिडिओ गेम बघायचे ते पडद्यातल्या माणसांच्या पायांकडे. सहा फूट उंची, मातीत घासून मोडलेले दोन्ही कान, पांढरा सदरा, आणि बसायला एवढंसं लाकडी स्टूल. पोरं बटणं बडवत असायची, पडद्यावर गुंड हवेत उडत असायचे, आणि हे गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली वाकून बघत असायचे. मध्येच म्हणायचे, "ह्येचा मागचा पाय रोवल्याला न्हाय. पडतोय आता." आणि तो पडायचा. पोरांना वाटायचं वस्तादांना खेळ पाठ आहे. खेळ त्यांना पाठ नव्हता, पाय पाठ होते.

त्यांचं खरं नाव पेठेत फार कुणाला माहीत नव्हतं. तरुणपणी कागलकडच्या एका मैदानात त्यांचा उजवा खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. मग काही वर्षं तालमीत पोरांना शिकवलं. नव्वदच्या सुमाराला बेळगावच्या एका पाहुण्यानं आपला गेमचा धंदा बंद केला आणि तीन मशीनं ह्यांच्या गळ्यात मारली. आमच्या दुकानापासून दोन दारं सोडून एका गाळ्यात वस्तादांनी ती मांडली. बाहेर पाटी नव्हती. लोक त्या गाळ्याला दुसरी तालीम म्हणायचे, काही कौतुकानं, बरेचसे वैतागानं. पोरं शाळा बुडवून तिथं सापडायची असं आयांचं म्हणणं होतं. ते खोटं होतं. शाळेच्या वेळात गणवेशातलं पोर आलं की वस्ताद त्याला मानगुटीला धरून शाळेच्या फाटकापर्यंत सोडून यायचे.

तिथले नियम तालमीचे होते. दोघांनी मिळून खेळायचं असेल तर आधी एकमेकांच्या हाताला हात लावून सलामी द्यायची, मगच बटण दाबायचं. शिवी दिली तर बाहेर. मशीनला थप्पड मारली तर पंचवीस जोर, तिथंच, सगळ्यांसमोर. "त्ये यंत्र हाय, त्येला हात उचलता येत न्हाय," असं ते सांगायचे. "ज्येला हात उचलता येत न्हाय त्येला मारायचं न्हाय."

मशीनमध्ये जो खेळ असतो तो एका हिरव्या बोर्डावर असतो. बोर्ड बदलला की खेळ बदलतो, पेटी, पडदा आणि बटणं तीच राहतात. वस्तादांकडे बरेच बोर्ड येऊन गेले, पण त्यांचा जीव एका कंपनीवर होता. खेळ सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर एका पायावर उभा असलेला लाल बगळा दिसायचा. इंग्रजी वस्तादांना येत नव्हतं. ते त्या कंपनीला बगळावाले म्हणायचे. रस्त्यानं चालत जायचं, वाटेत गुंड येतील त्यांना लोळवायचं, शेवटी त्यांच्या म्होरक्याला गाठायचं, असल्या मारामारीच्या खेळांत बगळावाल्यांचा हात कुणी धरत नव्हतं असं त्यांचं ठाम मत होतं. बगळावाल्यांचे तीन खेळ त्यांच्याकडे होते. त्यातला बंदरावरच्या हाणामारीचा खेळ नऊ वर्षं एकाच मशीनमध्ये चालला.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की ह्यात असं वेगळं काय आहे. माझ्या डोळ्यांना सगळे खेळ सारखेच दिसायचे. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि एका पोराला सांगितलं, सावकाश मार. "आता ठोसा लागल्यावर बघ. लागला? दोघंबी थांबलं का न्हाय?" खरंच, ठोसा लागला की मारणारा आणि मार खाणारा दोघंही पापणी लवेल एवढा वेळ जागच्या जागी गोठायचे आणि मग तो माणूस मागे फेकला जायचा. "त्यो थांबा म्हंजी वजन," वस्ताद म्हणाले. "मातीत माणूस आपटला की असंच हुतंय. बघणाऱ्याच्या छातीत आधी बसतंय, मग त्यो पडतोय. ज्येनं ह्ये बनवलंय त्येनं कुणालातरी पडताना बघितलंय." त्यानंतर मला न थांबणारे ठोसे लगेच ओळखता यायला लागले. असल्या शिक्षणाचा मला पुढे काडीचा उपयोग होणार नाही असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता माझं. आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, वडिलांनी घातलेलं. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. दोन हजार एक साली तात्यांचा हात इतका कापायला लागला की सोल्डरिंग गन धरता येईना. मी आयटीआय करून दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काम करत होते. मी दुकान चालवते म्हटलं, तर काका म्हणाले, बाईच्या हातात कोण टीव्ही देणार, गाळा भाड्यानं देऊन मोकळे व्हा. तात्यांनी मधला मार्ग काढला. दसऱ्यापर्यंत मी चालवून दाखवायचं, गिऱ्हाईक टिकलं तर दुकान माझं, नाहीतर काकांचं ऐकायचं. माझ्या हातात तीन महिने होते.

पहिल्याच महिन्यात वस्ताद आले. बगळावाल्यांचा नवा खेळ आला होता. चार वर्षं त्यांनी काही काढलंच नव्हतं आणि वस्ताद मुंबईच्या व्यापाऱ्याकडे निरोपावर निरोप पाठवत होते. बोर्ड आल्यावर त्यांनी नऊ वर्षं चाललेला बंदरवाला बोर्ड काढून घेतला, त्याला गुलाल लावला, नारळ फोडला आणि धुतलेल्या फेट्यात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवला. "ह्येनं आता लंगोट उतरवला," असं जाहीर केलं. नव्या बोर्डाच्या वायरा जोडायचं काम त्यांनी मला दिलं. तात्या तिथंच बसले होते, तरी मला दिलं. दुकान चालवायला घेतल्यावरचं माझं ते पहिलं मोठं काम. मी दोन दिवस घेतले, नवी बटणं बसवली, एकेक जोड दोनदा तपासला.

खेळ लावला त्या दिवशी गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बगळा आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. चित्रं डोळे दिपवणारी होती. माणसं आता सपाट नव्हती, गोल, घडीव, केस वाऱ्यावर उडणारे. पहिल्या जोडीनं सलामी दिली आणि खेळायला सुरुवात केली. दहा मिनिटांत शिट्ट्या थांबल्या. अर्ध्या तासात मागची पोरं निघून गेली. काय बिघडलंय ते कुणालाच सांगता येईना. ठोसा मारला की तो लागायचा, गुंड पडायचा, उठायचा, दुसरा यायचा. एक म्हणाला मजा येत नाही. दुसरा म्हणाला बटण अडकतंय.

वस्ताद स्टुलावर वाकून बघत होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, "बटणातच काय तरी हाय. वायरिंग नव्या हातानं झालंय."

त्यात त्यांना माझा अपमान करायचा नव्हता. एखाद्या पोराचा ढाकेचा डाव चुकला तर सांगतात तसं त्यांनी सांगितलं. पण वस्तादांचं बोलणं पेठेत हवेपेक्षा आधी पोचायचं. आठवड्याभरात तीन गिऱ्हाइकांनी आपले टीव्ही दुरुस्तीआधीच परत नेले. एकानं तर तोंडावर सांगितलं, ताई, राग मानू नका, पण वस्तादांचं मशीन तुम्हाला जमलं नाही म्हणे. काकांनी गाळ्यासाठी भाडेकरू बघायला सुरुवात केली.

मी वस्तादांना सांगितलं की दोष खेळात असेल. ते रागावले नाहीत, हसले. "बगळावाल्यांचा खेळ हाय त्यो. तुझं वय हाय तेवढं त्यांचं काम हाय. तू वायर बघ." मग मी वायर बघितली. बटणाखालचे स्विच बदलले, जॉयस्टिकची स्प्रिंग बदलली, अर्थिंग नव्यानं केलं, स्टॅबिलायझर दुसरा लावला. दर वेळी वस्ताद पाच मिनिटं बघायचे आणि मान हलवायचे. खरा उपाय एकच होता. जुना बोर्ड ह्याच पेटीत, ह्याच बटणांवर लावून बघायचा. तो चांगला चालला की प्रश्न मिटला. मी तसं म्हटलं तेव्हा मात्र ते एकदम ताठ बसले.

"लंगोट उतरवल्याल्या पैलवानाला परत मातीत उतरवत न्हाईत," ते म्हणाले. "आन् त्येबी नव्या पोराला कमी दाखवायला? आमच्यात तसं करत न्हाईत."

बोर्डाच्या बाबतीत कुणी असं बोललं तर मी एरवी हसले असते. पण ते खरंच म्हणत होते. माझं दुकान एका हिरव्या पाटीच्या मानापानावर अडलं होतं.

मग मी दुसरं काहीतरी शोधलं. विजेरीचा छोटा बल्ब घेतला आणि ठोशाच्या बटणाच्याच वायरीवर असा जोडला की बटण दाबलं की तो लागावा. पडद्याच्या शेजारी पेटीवर चिकटवून टाकला. वस्तादांना म्हटलं, तुमची नजर चांगली आहे ना, मग बघा. बटण दाबल्याचा निरोप माझ्या वायरीतून किती लवकर जातो ते हा बल्ब सांगेल. माणूस हात कधी उचलतो ते तुम्ही सांगा.

मी बटण दाबलं. बल्ब लागला. मग पडद्यातल्या माणसानं हात उचलला.

फार थोडा फरक होता. मला तो दिसला की दिसल्यासारखा वाटला हेही मला सांगता आलं नसतं. वस्तादांनी मात्र पुन्हा दाबायला लावलं. मग पुन्हा. वीसेक वेळा झाल्यावर म्हणाले, "दिवा आधी. हात मागनं."

"म्हणजे वायर बरोबर आहे," मी म्हटलं.

"दिव्याची वायर जवळ हाय. बोर्डाची लांब हाय."

वायर हातभर लांब असल्यानं इतका फरक पडत नाही, हे मी त्यांना तीन प्रकारे समजावून सांगितलं. ते ऐकून घ्यायचे आणि परत स्टुलावर जाऊन बसायचे. खरं तर त्यांना कळलं होतं. तीन आठवडे ते गाळा उघडून गिऱ्हाइकाविना त्या खेळासमोर बसून होते. ज्याचं नाव नऊ वर्षं छातीठोकपणे घेतलं त्यानं हलकं काम केलं, हे मान्य करण्यापेक्षा स्वतःची नजर, माझा हात आणि पेठेतली वीज हे सगळं वाईट ठरवणं त्यांना सोपं जात होतं.

एका मंगळवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. गाळ्यात पाच-सहा पोरं होती. वस्तादांनी हातपाय धुतले होते. फळीवरून फेट्याचं गाठोडं काढलं, बोर्डाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि माझ्यासमोर धरून म्हणाले, "लाव. माफी मागितल्या मी त्येची."

मी त्याच वायरींवर जुना बोर्ड लावला. बगळा आला, बंदर आलं. मी बटण दाबलं. बल्ब आणि हात एकदमच. पहिला गुंड आला, त्याला ठोसा बसला, दोघंही क्षणभर गोठले आणि तो मागे कोसळला. पोरांपैकी कुणीतरी हुश्श केलं. माझ्या छातीतही काहीतरी बसलं. तेव्हा कळलं की गेले तीन आठवडे मी काय शोधत होते.

वस्तादांनी तासभर बघितलं. मग मला नवा बोर्ड परत लावायला सांगितला आणि तोही तासभर बघितला. ह्या वेळी ते फक्त नायकाकडे बघत नव्हते, गुंडांकडे बघत होते. शेवटी उठले आणि म्हणाले, "नुरा हाय."

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. कोण पडणार ते दोघांना माहीत असतं आणि लोकांना दाखवायला झटापट चालते. "ती चौघं बघ," ते मला म्हणाले. "चौघं घेरून हुबी हाईत, पर एकच म्होरं येतोय. बाकीची आपली पाळी यायची वाट बघत्यात. जुन्यात मागनं येऊन धरायची की न्हाय? आन् पडल्याला उठतोय बघ. पयल्यांदा उठला तसाच धाव्यांदा. मार खाल्ल्याला माणूस तसा उठत न्हाय. त्येला पडायला सांगिटलंय म्हणून त्यो पडतोय."

मला वाटलं, संपलं. पण वस्ताद तसेच निघून आमच्या दुकानात आले. मी मागोमाग. दुकानात तात्या, काका आणि दोन-तीन गिऱ्हाइकं होती. वस्तादांनी चपला बाहेर काढल्या. दुरुस्तीच्या दुकानात कुणी चपला काढत नाही. आत येऊन तात्यांना नाही, मला समोर उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरीचा हात चुकला नव्हता. माझी नजर चुकलेली. तीन आठवडं मी खोटं बोललो, त्ये आता सगळ्यांनी मिळून खोडून काढायचं."

मग त्यांनी तो फेटा, ज्यात बोर्ड गुंडाळला होता तोच, माझ्या खांद्यावर टाकला. जिंकलेल्या पैलवानाला देतात तसा. त्यावर गुलाल होता आणि माझी नवी ओढणी खराब झाली. दसऱ्याला दुकान माझं झालं. परत नेलेल्या तीन टीव्हींपैकी दोन दुरुस्तीला आले. तिसरा आला नाही, आणि ते गृहस्थ अजूनही रस्त्यात भेटले की दुसरीकडे बघतात.

शहाण्या माणसानं हे इथं सोडून दिलं असतं. जुना बोर्ड मशीनमध्ये परत गेला, पोरं परत आली. वस्तादांनी मात्र दुसऱ्या एका मशीनमध्ये नवा खेळ लावून ठेवला आणि रोज त्यापुढे बसायला लागले. आता राग नव्हता, नुसती चौकशी होती. चांगल्या घरातल्या माणसाला असं काय झालं असेल, असं आपण एखाद्या नातेवाइकाबद्दल विचारतो तसं ते बगळावाल्यांबद्दल विचारायचे. आजारी पडली असतील का? घाईत केलं असेल का? चित्रं काढणारी पोरं जास्त झाली असतील का? एक दिवस चहाचा कप हातात धरून म्हणाले, "त्यांचा वस्ताद गेला असंल."

"कुठं गेला?"

"त्ये मला काय ठावं? तालमीतनं वस्ताद गेला की पोरं तीच असत्यात, माती तीच असत्या. जोर काढत्यात, घाम गाळत्यात. पर पाय कुठं ठेवायचा त्ये सांगणारं कुणी नसतंय. ह्ये तसं दिसतंय."

मला एक गोष्ट सुचली. खेळ पूर्ण जिंकला की शेवटी तो बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकत जातात. जुन्या खेळांची नावं आणि नव्याची नावं ताडून बघता येतील. अडचण एवढीच की नवा खेळ शेवटपर्यंत खेळलेला पेठेत एकही माणूस नव्हता, इतका तो कंटाळवाणा होता.

मग तो आम्ही खेळलो. वस्ताद आणि मी. मशीनच्या आत एक बटण असतं, ते दाबलं की हवे तितके डाव मिळतात, ते मी शोधून काढलं. दुपारी दोन ते चार माझं दुकान थंड असायचं तेव्हा मी तिथं जायची. मी त्याआधी कधी खेळले नव्हते. तरीही सलामीशिवाय त्यांनी बटणाला हात लावू दिला नाही. केवढा तो पंजा, आणि माझा अख्खा हात त्यात मावायचा. त्यांचा उजवा खांदा दुखायचा म्हणून ते डाव्या हातानं बटणं दाबायचे आणि एकेक गुंड आडवा केला की त्याला सांगायचे, "पड बाबा. तुला पडायचंच हाय." चार दुपारी लागल्या. शेवटचा म्होरक्यासुद्धा आमच्यासमोर आपली पाळी आल्यासारखा येऊन पडला.

नावं सरकायला लागली. मी वही घेऊन बसले होते, भराभर उतरवून घेतली. मग एकेक करून जुने तिन्ही खेळ पोरांकडून जिंकवून घेतले, त्यांचीही नावं उतरवली. रात्री घरी चार याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या तिन्ही याद्यांत एक नाव त्याच जागी होतं. नव्या यादीत ते नव्हतं. बाकीची बरीचशी होती.

सकाळी वस्तादांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ते मांडीवर थाप मारतील, म्हटलं नव्हतं का, म्हणतील. त्यांनी वही हातात घेतली. मग म्हणाले, "वारला असंल का कुणी काढून टाकला असंल?" ते वहीवरून कळण्यासारखं नव्हतं.

त्यांनी त्या माणसाला पत्र लिहायला लावलं. बोर्डाच्या खोक्यावर कंपनीचा परदेशातला पत्ता होता. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. मजकूर वस्तादांचा होता. तुमचा ठोसा थांबतो ते आम्हाला आवडत होतं. नव्या खेळात तो थांबत नाही, म्हणून तुम्ही तिथं नाही हे ओळखलं. जिथं असाल तिथं कुणालातरी शिकवून ठेवा. खाली त्यांनी मराठीत सही केली आणि तिच्यापुढे, मी नको म्हणत असताना, "वस्ताद, कोल्हापूर" असं लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढे बरीच वर्षं पोस्टमन दिसला की ते माझ्याकडे बघून भुवया उडवायचे.

पोरांच्या हातात घरचे कॉम्प्युटर आले, पेठेत सायबर कॅफे निघाले आणि दोन हजार सहा-सातच्या सुमाराला दुसरी तालीम बंद झाली. वस्ताद कागलला मुलीकडे राहायला गेले. मशीनं भंगारात गेली. बोर्ड त्यांनी सोबत नेले. एकदा मी सहज गेले होते तर दोन म्हशी, एक बाज आणि बाजेखाली फेट्यात गुंडाळलेलं गाठोडं, असा संसार होता. निघताना मी विचारलं की तो नवा खेळही ठेवलाय का. "ठेवलाय की," म्हणाले. "त्येनं मला माझी नजर दाखवली. चांगल्यानं न्हाय दाखवली." पुढच्या वर्षी ते गेले. मी तिसऱ्या दिवशी जाऊन आले. त्यांच्या मुलीनं विचारलं, बोर्ड पाहिजेत का. मी नाही म्हटलं. ते लावायला मशीन कुठं होतं? तो छोटा बल्ब मात्र माझ्याकडे आहे. तपासणीच्या वायरीला लावलेला आहे आणि अजून लागतो.

हे काल एवढं लिहून झोपले. आज सकाळी दुकान उघडल्यावर आधी घरून माझा जुना मिक्सर आणला. शेटेवहिनींचं भांडं माझ्या मोटारीवर लावलं, मसाल्याचे खडे टाकून पाच मिनिटं फिरवलं. चाललं. माझं भांडं त्यांच्या मोटारीवर लावलं. दोन मिनिटांनी गुरगुरून बसलं. म्हणजे दोष मोटारीत, आणि मोटार दोनदा मीच उघडलेली. तिसऱ्यांदा उघडली. मी बसवलेला कार्बन ब्रश खोबणीपेक्षा अर्ध्या केसानं जाड होता. गरम झाला की तिथं अडकून बसत होता. कंपनीचा काही संबंध नव्हता.

ब्रश घासून बसवला आणि वहिनींना बोलावून घेतलं. त्या आल्या तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी मिक्सर त्यांच्यासमोर पाच मिनिटं चालवून दाखवला, आणि बंद करून म्हटलं, "वहिनी, काल मी कंपनीला नावं ठेवली ते चूक होतं. ब्रश मी चुकीचा बसवला होता. दोन्ही वेळा."

वहिनी म्हणाल्या, व्हय का, आणि मिक्सर पिशवीत घातला. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी हातातला टेबलफॅन जरा मागे ओढला. माझ्याकडे बघितलं, मिक्सरकडे बघितलं, आणि मग फॅन टेबलावर ठेवला.